रेसकोर्सच्या कुंपणालगत

जूनचा पहिला मोठा पाऊस रात्री पडून गेला होता. सकाळी महालक्ष्मी स्टेशनातून बाहेर पडले तर रस्त्याच्या कडेला घोटाभर गढूळ पाणी साचलेलं. पाच-सात मिनिटं चालून रेसकोर्समध्ये शिरले. तिथे पाणी कुठेच नव्हतं. माती फुगून मऊ झाली होती आणि चप्पल उचलताना हलकासा चपक असा आवाज येत होता. गवतात गांडुळांनी वर काढलेल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग दिसत होते. पावसाळ्यात शर्यती पुण्याला भरतात, त्यामुळे सगळीकडे शांत होतं. एक म्हातारे गृहस्थ अनवाणी चालत होते. म्हणाले, "ताई, डांबरावर गुडघे बोलतात, इथे गप्प असतात."

सध्या शहरभर या जमिनीबद्दल चर्चा आहे. त्या चर्चेत ही माती कुणी मोजताना दिसत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

*

आधी व्यवहार काय झाला ते.

रेसकोर्सची एकूण जमीन सुमारे 211 एकर. काही राज्य सरकारची, काही महापालिकेची. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा भाडेकरार 2013 मध्ये संपला आणि तेव्हापासून इथे थीम पार्क करावं, बाग करावी, काहीच करू नये, असे वाद सुरू झाले. 2024 मध्ये तोडगा निघाला. सुमारे 120 एकर महापालिकेकडे, 91 एकर क्लबकडे, आणि क्लबला 2053 पर्यंतचा करार. कोस्टल रोडसाठी समुद्रात भराव घातला त्यातली सुमारे 175 एकर मोकळी जागा याला जोडायची आणि जवळजवळ 300 एकरांचं 'मुंबई सेंट्रल पार्क' करायचं, अशी योजना आहे. वर हिरवळ, आणि जमिनीच्या पोटात क्रीडासंकुल. त्याचा आकडा सांगितला जातो 10 लाख चौरस फूट.

हिरवळीला कुणाचा विरोध असणार? माझाही नाही. माझा प्रश्न पोटातल्या त्या 10 लाखांचा आहे.

*

वहीच्या मागच्या पानावर केलेला हिशोब.

मुंबईत दरडोई मोकळी जागा 1.24 चौरस मीटर, हा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो. म्हणजे साधारण साडेतेरा चौरस फूट. आमच्या घरातली सतरंजी सहा बाय तीनची, अठरा चौरस फुटांची. म्हणजे मुंबईकराने आपल्या वाट्याच्या मोकळ्या जागेत अंग टाकायचं म्हटलं तर गुडघे पोटाशी घ्यावे लागतील. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचना दहा ते बारा चौरस मीटरची अपेक्षा करतात.

आता 300 एकर भागिले 2011 च्या जनगणनेतली सव्वा कोट माणसं. उत्तर येतं माणशी जेमतेम एक चौरस फूट. स्वयंपाकघरातली एक फरशी.

त्यातही रेसकोर्स आजही मोकळाच आहे. मग वाढलं ते अर्ध्या फरशीहून थोडं जास्त.

*

आणखी एक भागाकार, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 10 लाख चौरस फूट भागिले महापालिकेचे 227 प्रभाग. प्रत्येकी 4,400 चौरस फूट.

4,400 चौरस फुटांत काय मावतं? पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे 1,400 चौरस फूट. बॅडमिंटनचं कोर्ट 880. दोन्ही आखली, भोवती वावरायला जागा सोडली, तरी एक वाचनालयाची खोली, एक शिवणाची-संगणकाची खोली आणि बायकांसाठी व्यवस्थित स्वच्छतागृह एवढं बसतं. मुंबईतल्या प्रत्येक प्रभागात. चालत जाण्याच्या अंतरावर.

मी इंजिनिअर नाही. पण हा भागाकार कुणी मोठ्या फळ्यावर मांडून दाखवावा, असं मनापासून वाटतं.

*

माझी आई कामगार कल्याण केंद्रात शिवण शिकली.

आमची चाळ लोअर परळला, वडील गिरणीत. केंद्र चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. एक लांबट हॉल, मागे दोन खोल्या, पुढे वाळू टाकलेलं छोटं पटांगण. दारात काळा फळा आणि त्यावर खडूने लिहिलेलं वेळापत्रक: सकाळी शिशुवर्ग, दुपारी शिवणवर्ग, संध्याकाळी वाचनालय आणि कॅरम, रात्री नाटकाची तालीम. एकाच हॉलमध्ये दिवसभरात चार निरनिराळ्या तऱ्हांची माणसं नांदून जायची. सकाळच्या मुलांनी सांडलेले कुरमुरे दुपारच्या बायका झाडायच्या, आणि दुपारच्या चिंध्या-दोरे संध्याकाळचे कॅरमवाले गोळा करायचे. त्यावरून कधी भांडणही व्हायचं. पण दुसऱ्या दिवशी फळा तोच असायचा.

आई दुपारी पावणेदोनला निघायची. तोवर वडिलांचा डबा गेलेला, भांडी झालेली. मी दुपारी शाळेला नसले की बरोबर. तिथे काळ्या रंगाची पायमशिनं ओळीने मांडलेली असायची. खिडकीजवळचं तिसरं मशिन आईचं. त्याचा पट्टा सैल होता. शिवता शिवता तो घसरायचा, आणि आई न बघता पायाच्या अंगठ्याने चाक थोपवून डाव्या हाताने पट्टा परत खाचेत बसवायची. जुन्या वर्तमानपत्रावर ब्लाउजची कटिंग काढायची. आधी परकर, मग पोलकं, मग कटोरी ब्लाउज, असा चढता क्रम. बाईंनी काज-बटणाचं काम पास केल्याशिवाय पुढचा धडा मिळत नसे.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले, त्यांत माझे वडील. तो संप कसा विरत गेला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात त्यानंतरची दोन वर्षं जी चूल पेटली ती साड्यांना फॉल लावून, शाळेचे गणवेश शिवून. केंद्राचा तो शिवणवर्ग 'मनोरंजन आणि कल्याण' या सदरात मोडत होता. त्या वर्गाने चार जणांचं घर चालवलं.

म्हणून कुणी म्हणालं, करमणुकीच्या केंद्राला इतकं काय महत्त्व, तर माझ्या डोळ्यांपुढे ते खिडकीजवळचं तिसरं मशिन येतं.

*

ही केंद्रं आपोआप उगवली नव्हती. ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगारवस्तीत वाचनालयं, रात्रीचे वर्ग, व्यायामशाळा चालवल्या. परळचा दामोदर हॉल 1922 चा, आणि त्याच्या रंगमंचावर गिरणगावातल्या कितीतरी हौशी मंडळींनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. पुढे मुंबई सरकारने 1939 पासून कामगारांसाठी कल्याण केंद्रं सुरू केली, आणि 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आलं. कामगाराच्या पगारातून सहामाही वर्गणी कापली जायची, तेवढ्यावर मालकाने आणि सरकारनेही भर घालायची.

वडील ती कापलेली रक्कम पगाराच्या चिठ्ठीवर बोट ठेवून दाखवायचे. फार थोडी होती. पण त्यामुळे केंद्राच्या दारात ते कधी पाहुण्यासारखे उभे राहिले नाहीत. वाचनालयात नवं मासिक आलं नाही तर थेट विचारायचे, "का नाही आलं?"

*

गिरण्यांच्या जमिनींबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 साधा होता. गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि हा हिशोब सगळ्या जमिनीवर न करता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्यावर करायचा ठरलं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला.

गिरणगावात मिळून सहाशे एकरांच्या आसपास गिरण्यांची जमीन होती. तिचा तिसरा हिस्सा आज बागा, मैदानं आणि केंद्रं म्हणून आमच्या घरांच्या मध्ये पसरलेला असता. मग पोरांना खेळायला रेसकोर्सकडे बघायची वेळ आली नसती.

एका शब्दाच्या व्याख्येत केलेला बदल. नकाशावर रेघही हलली नाही.

*

आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये या पार्कवर बोलायला तीस-चाळीस माणसं जमली होती. मी मागच्या रांगेत बसून टिपून घेतलं. नावं लिहीत नाही.

कबड्डीचे एक प्रशिक्षक: "मला जमिनीखालचं एसी मैदान नको. माझ्या मुलींना रोज सहा ते आठ दोन तास हवेत, आणि कुणी उठवायला येऊ नये एवढंच."

निवृत्त बँक कर्मचारी: "घोड्यांसाठी शंभर वर्षं जागा अडली होती. आता सामान्य माणसाला मिळते आहे तर खोट कशाला काढता?"

याला मी मनातल्या मनात उत्तर शोधत होते. त्यांचं म्हणणं खोटं नाही. कुंपणाबाहेरून पिढ्यान्‌पिढ्या बघितलेली जमीन आपली होते आहे, याचा आनंद मलाही आहे.

मग एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी उठली. ऑफिसमधून थेट आली असावी, पाठीवर बॅग तशीच. ती म्हणाली, "तुम्ही सगळे मैदान मैदान म्हणता. मैदानावर संध्याकाळी सातनंतर मुली दिसतात का? मला छप्पर हवं, दिवे हवेत, कपडे बदलायला खोली हवी. पावसाचे चार महिने मी कुठे खेळू?"

हॉल गप्प झाला. मीही. मातीची माया मला आहे, पण त्या मातीवर सातनंतर मी स्वतः कधी खेळले नव्हते, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. माझी वही त्या वाक्यापाशी बराच वेळ उघडी राहिली. छप्पर हवंच. भिंती हव्यात, दिवे हवेत. ते छप्पर तिच्या घरापासून किती लांब असावं, यावर आता विचार करायला हवा.

सभा संपल्यावर तिला विचारलं, राहतेस कुठे? म्हणाली, गोवंडी. महालक्ष्मीला यायचं तर दोनदा गाडी बदलायची. आठ वाजता खेळून परत जायचं तर पुन्हा दोनदा.

*

पाणी.

ही सगळी सखल जमीन. वरळी आणि मुंबई या बेटांमधल्या खाडीतून भरतीचं पाणी आत शिरायचं. विल्यम हॉर्नबी गव्हर्नर असताना बांध घालायला घेतला, अठराव्या शतकाच्या शेवटी तो पुरा झाला, आणि मागची दलदल हळूहळू सुकत गेली. त्या सुकलेल्या दलदलीवर 1883 मध्ये रेसकोर्स आला. जवळच हाजी अली आणि लव्हग्रोव्ह इथे महापालिकेची पावसाचं पाणी उपसणारी केंद्रं आहेत. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी आपल्या पायांनी समुद्रात जात नाही, त्याला पंपाने ढकलावं लागतं.

26 मे 2025 ला वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. काम चालू असलेल्या एका प्रवेशमार्गाची तात्पुरती भिंत कोसळली आणि पाणी थेट फलाटापर्यंत आलं. मेट्रोची वेळापत्रकं, कर्मचारी, पंप, सगळी यंत्रणा हाताशी असताना हे झालं. संध्याकाळी पोरं जमिनीखालच्या संकुलात पोहायला, खेळायला उतरलेली असताना असं झालं तर काय, हा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी विकासविरोधी म्हणू नये. प्रश्न आईबापांचा आहे.

आणि याच महापालिकेने याच शहरात केलेलं एक चांगलं काम इथे आठवतं. दादर-परळमधला हिंदमाता हा सखल भाग दर पावसाळ्यात तुंबायचा. तेव्हा दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. जोराच्या पावसात हिंदमाताचं पाणी त्या टाक्यांत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं. वर पोरं खेळतात, खाली पाणी थांबतं. मैदानाचं पोट कशासाठी असतं, हे या शहराला ठाऊक आहे. 120 एकरांची स्पंजसारखी जमीन आयती मिळाली असताना तिचं पोट भिंतींनी का भरायचं?

*

आमच्या शेजारच्या टॉवरला पोडियम गार्डन आहे, म्हणजे स्लॅबवर माती टाकून केलेली बाग. तिथे राहणाऱ्या मैत्रिणीने दाखवायला नेलं. छान राखलेलं. चाफा, कण्हेर, पाम, कडेला कारंजं. मी माळ्याला विचारलं, खाली माती किती? त्याने कोपरापर्यंत हात उचलून दाखवला आणि म्हणाला, कुठे कुठे कंबरेएवढी. वड लावता येईल का? तो म्हणाला, "लावाल हो, पण तो स्लॅब शोधायला जाईल."

*

शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिर आहे, 1925 पासूनचं. तिथे संध्याकाळी मल्लखांब बघायला जाऊन बसते कधी कधी.

परवा एक सात-आठ वर्षांची मुलगी शिकत होती. खांब तिच्या दुपटीहून उंच, लाकूड एरंडेल लावून लावून काळसर झालेलं, उजेडात चकाकणारं. तिने आधी खांबाला हात लावून तो छातीला लावला. मग उडी, मांड्यांची पकड, आणि घसरली. परत हात छातीला, परत उडी. तिसऱ्या वेळी मांड्यांची पकड बसली. तिने दोन्ही हात सोडले आणि मागे वाकून उलटं आभाळ बघितलं. तिच्या बाईंनी मोठ्याने आकडे मोजले, दहापर्यंत. खाली उतरली तेव्हा पोटऱ्यांवर तेलाचे पट्टे होते आणि ती ते पुसायलाही तयार नव्हती.

या सगळ्याला लागलेली जागा म्हणजे एक खांब आणि भोवतीची गादी. याच परंपरेतले मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यामागे वर्षानुवर्षं एकाच वेळेला तिथे हजर राहणारी माणसं आहेत.

केंद्र म्हटलं की आपल्याला इमारतीचं चित्र दिसतं. मला तो मोजणारा आवाज ऐकू येतो.

*

किल्ली कुणाकडे?

मोकळ्या जागा संस्थांना सांभाळायला द्यायचं धोरण मुंबईने पूर्वी आजमावलं आहे. सांभाळायला दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि दारात सभासद-शुल्काचे फलक लागले. जानेवारी 2016 मध्ये नवं दत्तक धोरण महापालिकेत मंजूर झालं आणि लोकांनी इतकी टीका केली की त्याला स्थगिती मिळाली. 2023 मध्ये पुन्हा मसुदा आला, पुन्हा विरोध झाला.

म्हणून कोणत्याही केंद्राचं चित्र दाखवलं की माझे प्रश्न ठरलेले. किती वाजता उघडणार? दुपारी बंद राहणार का? (आमच्या लहानपणी बागेला नेमकं दुपारी कुलूप असायचं, जेव्हा घरी सावली नसायची.) शुल्क महिन्याचं की वर्षाचं, आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला परवडेल असं का? शिकवणारी माणसं पगारावर की कंत्राटावर? कंत्राट संपलं की शिकवणी मध्येच तुटणार का? पंप, वातानुकूलन, चोवीस तास दिवे यांचं वीजबिल कोण भरणार? ते भरायला हॉल लग्नांना दिला जाणार का?

जमिनीखालच्या वास्तूला दिवसाढवळ्याही दिवे आणि हवा विकत घ्यावी लागते. आणि तो खर्च शेवटी प्रवेशाच्या तिकिटात उतरतो.

*

जानेवारी 2024 मध्ये टर्फ क्लबच्या सभासदांनी रेसकोर्सच्या वाटणीच्या प्रस्तावावर मतदान केलं आणि बहुमताने तो मान्य केला. क्लबने आपल्या सभासदांना विचारलं, हे योग्यच झालं.

शहराच्या बाजूने कोण मत देणार होतं? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. सभागृहच नव्हतं, कारभार प्रशासकाकडे. 120 एकरांबद्दल प्रश्न विचारायला आमच्या प्रभागाचा नगरसेवक कुठे उभा राहणार होता? क्षेत्रसभांची तरतूद राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे. मतदान केंद्राच्या परिसरातल्या माणसांनी एकत्र बसून आपल्या भागाचं काय करायचं ते बोलायचं, अशी. मी माझ्या भागातली एकही क्षेत्रसभा बघितलेली नाही.

मुंबईकर बोलत नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. 2015 चा विकास आराखड्याचा पहिला मसुदा चुकांमुळे रद्द करावा लागला, कारण लोकांनी त्यात आपापली देवळं, शाळा, मैदानं शोधली आणि ती चुकीच्या जागी सापडली. सुधारलेल्या मसुद्यावर ऐंशी हजारांहून जास्त सूचना-हरकती आल्या. वांद्र्याच्या रावसाहेब पटवर्धन उद्यानाखाली वाहनतळाची योजना आली तेव्हा तिथले रहिवासी उभे राहिले. माणसं वेळ काढून नकाशे वाचतात. त्यांना नकाशे वेळेवर दाखवावेत.

*

घरापासून तीन मिनिटांवर महापालिकेची शाळा आहे. पटांगण बऱ्यापैकी. साडेपाचला शाळा सुटते, शिपाई फाटक ओढतो, साखळी लावतो. सहा वाजता त्या फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, उभ्या गाड्यांच्या मधून, पोरं क्रिकेट खेळतात. चेंडू आत गेला की एक पोरगा फाटकावरून उडी मारतो.

त्या पटांगणाला चार दिवे, एक शिक्षक, एक राखणदार, आणि संध्याकाळी सहा ते नऊची वेळ एवढं दिलं तर आमच्या प्रभागाचं केंद्र उद्या सुरू होईल. खणावं काहीच लागणार नाही. हे मी वॉर्ड ऑफिसला अर्जात लिहून दिलं आहे. अर्जात रेसकोर्सबद्दलही लिहिलं: तिथली माती माती राहू द्या, झाडं लावा, वाटा ठेवा, बाकं ठेवा, स्वच्छतागृहं ठेवा. मोठा पोहण्याचा तलाव, मोठं बंदिस्त मैदान मुंबईला लागतंच, अंधेरीत, धारावीत अशी संकुलं आहेत, आणखीही होऊ देत, पण जमिनीच्या वर, सुक्या जागी आणि एकाच ठिकाणी नकोत. उरलेला पैसा 227 जागी वाटा. पोच घेतली आणि शिक्का स्पष्ट उमटला आहे का ते बघून निघाले.

*

रविवार. त्या कबड्डीच्या प्रशिक्षकांनी बोलावलं म्हणून मागच्या गल्लीत गेले. मुलींची जिल्हा निवड जवळ आली होती आणि नेहमीची जागा एका मंडपाने अडवली होती. त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मुलींचं मैदान 12 मीटर बाय 8. लांबी मिळाली. रुंदीला टेप ताणला तर भिंतीपासून गटारापर्यंत 4 मीटर 90. फक्कीचा डबा हातात घेऊन एक मुलगी वाट बघत उभी होती. "सर, रेघ कुठे मारू?" ते भिंतीकडे बघत राहिले. कडेला एक मोटरसायकल लावलेली होती. ती हलली तर अर्धा मीटर मिळणार होता. दुसरी मुलगी गाडीवाल्याला हाक मारायला शेजारच्या चाळीचा जिना चढली.